बाबांची एट हंड्रेड गारठते तेव्हा…

बाहेर उणे अकरा डिग्री. आणि डॅशबोर्डवरचा टेम्परेचरचा काटा सरसर लाल पट्ट्याकडे निघालेला. आता सांगा बघू, गाडी थंडीनं आजारी आहे की तापानं?

डिसेंबर २०२२ मधल्या त्या सकाळी हिमाचलातल्या सिस्सू गावात हे कोडं सोडवायला आम्ही दोघंच होतो. मी, आणि एकतीस वर्षं सांगलीत नववी-दहावीला विज्ञान शिकवून रिटायर झालेले माझे बाबा. मी मासकॉमवाली. सायन्सशी माझा संबंध दहावीच्या मार्कलिस्टपुरता. त्यामुळे उत्तर बाबांकडून यायला हवं होतं. ते आलं नाही. बाबा बॉनेटकडे बघत नुसते उभे राहिले. का, ते मला दुपारी कळलं.

आधी गाडीची ओळख करून देते. २००४ ची मारुती ८००, पांढरी, नंबर एमएच-१०. आमच्या घरातली पहिली चारचाकी. मी प्रायमरीत होते तेव्हा बाबांनी कर्ज काढून घेतली. रिटायर झाल्यावर आई-बाबा साताऱ्याला राहायला आले, पण गाडीचं माहेर सांगलीच राहिलं. सर्व्हिसिंग असो, नाहीतर कुठला खडखडाट, बाबा सव्वाशे किलोमीटर गाडी हाकत सांगलीच्या त्याच गॅरेजला जाणार. कारण तिथला मिस्त्री बाबांचा विद्यार्थी! ‘सर, तुमच्या गाडीला दुसऱ्याचा हात लागू द्यायचा नाय’ असं म्हणणारा. अशा माणसाला सोडून साताऱ्यात कुणाकडे जाणार?

बर्फ बघायचा हे बाबांचं जुनं स्वप्न. आणि तेही स्वतःच्या गाडीनं. विमान-टॅक्सी-पॅकेज असला प्रकार नाही. पूर्वी हिवाळ्यात हे जमलंच नसतं, कारण रोहतांग बंद झाला की लाहौल खोऱ्याचा जगाशी संबंध संपायचा. ३ ऑक्टोबर २०२० ला अटल बोगदा सुरू झाला आणि चित्र पालटलं. नऊ किलोमीटरचा हा बोगदा मनालीच्या बाजूनं आत शिरतो आणि तुम्हाला थेट लाहौलमध्ये, सिस्सूच्या उंबऱ्यावर नेऊन सोडतो. म्हणजे जिथे हिवाळ्यात फक्त तिथलीच माणसं आणि फौजी असायचे, तिथे आता पुण्या-मुंबईच्या, इंदूर-सुरतच्या गाड्या सेल्फीसाठी उभ्या असतात. गाड्या पोचल्या. पण गाड्यांच्या पोटात काय भरलंय, याचा विचार कितीजण करतात? आम्ही तर नव्हताच केला.

‘पाणीच बेस्ट, सर!’

निघायच्या आदल्या आठवड्यात गाडी सांगलीला गेली. ब्रेक, टायर, बॅटरी, बेल्ट सगळं चकाचक. कूलंटचं मी विचारलं होतं, खोटं नाही सांगत. इंटरनेटवर कुठेतरी वाचलं होतं. मिस्त्री म्हणाला, ‘कूलंट कशाला? नुसतं खर्चाचं काम. पाणीच बेस्ट. अठरा वर्षं पाण्यावरच चाललीय की!’

आता मिस्त्री अगदीच चुकीचं बोलत होता असं नाही बरं का. उष्णता वाहून न्यायची तर साध्या पाण्याइतका चांगला हमाल नाही. कूलंटमधलं ग्लायकॉल त्या कामात पाण्यापेक्षा कच्चंच. सांगलीला एप्रिल-मेच्या रणरणत्या उन्हात गाडी चालवायची, फार तर खंबाटकी चढायचा. तिथे प्रश्न उकळण्याचा, गोठण्याचा नव्हे. उन्हाळ्यात खंबाटकीच्या चढाला बॉनेट उघडून वाफा सोडत उभ्या राहिलेल्या गाड्या कुणी पाहिल्या नाहीत? आमची एट हंड्रेड मात्र तिथे कधी थांबली नाही, याचा बाबांना कोण अभिमान. म्हणजे मिस्त्रीचं शास्त्र सांगलीपुरतं पास होतं.

साताऱ्यात मात्र एक माणूस विरोधी पक्षात होता. आमचे शेजारी, हवालदार काका. मूळ गाव अपशिंगे. तेच, ‘मिलिटरी अपशिंगे’, जिथल्या घराघरातून पिढ्यान्‌पिढ्या माणसं फौजेत गेली. काका फौजेत ड्रायव्हर होते आणि दोन हिवाळे लेहला काढलेले. ते म्हणाले, ‘सर, तिकडं पाण्यावर जाऊ नका. आम्ही रात्री गाडी लावली की रेडिएटरचं पाणी काढून टाकायचो आणि स्टिअरिंगला पाटी अडकवायचो, पाणी काढलंय म्हणून. नाहीतर सकाळी कोणीतरी तशीच सुरू करायचा. अँटिफ्रीझ घाला, दोनशे-चारशे रुपयांसाठी कशाला जोखीम घेताय.’

बाबा हसले. ‘आम्ही काय लढाईवर चाललोय काय?’

मीही हसले. आज लिहिताना लाज वाटते, पण हसले.

शिवाय आम्ही सातारकर, थंडीचा आम्हाला काय तो अनुभव! दर डिसेंबर-जानेवारीत पेपरात फोटो येतोच की, महाबळेश्वरला वेण्णा लेकवर हिमकण, गाडीच्या टपावर बर्फाचा पापुद्रा. तिथे आजवर कुणाच्या गाडीचं पाणी गोठलं? हा बाबांचा युक्तिवाद, आणि मला तो पटलाही. त्यातली मेख नंतर समजली. वेण्णा लेकला मोकळ्या आभाळाखाली, वारा पडलेल्या रात्री गाडीचा पत्रा, गवत, स्ट्रॉबेरीची पानं आपली उष्णता आभाळाकडे सोडत राहतात आणि आसपासच्या हवेपेक्षाही गार होतात. मग त्यावरचं पातळसं दव गोठतं. हवा मात्र शून्याच्या वरच असू शकते. बॉनेटच्या आत, आभाळाला न दिसणारं, काही लिटर पाणी एवढ्यानं गोठत नाही. टपावरचा बर्फ वेगळा आणि रेडिएटरमधला वेगळा. सिस्सूला हवाच शून्याखाली असते, ती पण तासन्‌तास.

मंडीपर्यंत मस्त

प्रवासाबद्दल लिहायचं तर वेगळा लेख होईल. थोडक्यात सांगते. दिल्लीत तेव्हा पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांना बंदी, म्हणून आमच्या अठरा वर्षांच्या म्हातारीला घेऊन दिल्लीचा सगळा पसारा टाळत जयपूर, हिसार, चंदीगड असं गेलो. मागच्या सीटवर आई. सोबत डब्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि ‘हळू चालव’चा अखंड जप.

पाचव्या दिवशी मंडी. मंडीला माझा मामा असतो. हिमाचलात विट्याचा माणूस काय करतो म्हणाल, तर गलाई! सांगली जिल्ह्यातला खानापूर-आटपाडी आणि साताऱ्यातला माण-खटाव हा सगळा दुष्काळी टापू. शेतीत भागेना म्हणून इथली पोरं पिढ्यान्‌पिढ्या सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात शिरली आणि भारतभर पसरली. देशातल्या कुठल्याही सराफ बाजारात जा, गलाईचं दुकान शोधा आणि मराठीत हाक मारा. ओ मिळायची शक्यता दांडगी. मामाच्या दुकानात भट्टी, मुशी, चिमटे. सोनं वितळतं १०६४ डिग्रीला. मामा आच बघून सांगतो, कधी ओतायचं ते.

आई म्हणाली, मी इथेच थांबते, तुम्ही बघा तुमचा बर्फ. आम्ही दोघं पुढे निघालो.

सिस्सूला चारच्या सुमाराला पोचलो. समुद्रसपाटीपासून जवळजवळ एकतीसशे मीटर उंच. रस्ता कोरडा, डोंगर पांढरे. नदीपलीकडच्या कड्यावरचा धबधबा अर्धा गोठलेला. बाबा लहान मुलासारखे बघत होते. होमस्टेच्या मागे, भिंतीच्या सावलीत गाडी लावली. दुसऱ्या दिवशी पायीच भटकलो, गाडीला हातही लावला नाही. म्हणजे गाडी तिथे दोन रात्री आणि मधला अख्खा दिवस उभी. त्या सावलीत दुपारीसुद्धा बर्फ वितळत नव्हता, हे मी फोटो काढताना पाहिलं होतं. पाहिलं, पण डोक्यात काही शिरलं नाही.

किंकाळी

तिसऱ्या दिवशी सकाळी आठला मी चावी फिरवली. दोन-तीनदा कण्हत गाडी सुरू झाली आणि बॉनेटखालून अशी किंकाळी आली की होमस्टेची मालकीण स्वयंपाकघरातून बाहेर धावली. रबर जळाल्याचा वास. मला वाटलं, थंडीनं बेल्ट कडक झाला असेल, गरम झाला की थांबेल. पाच मिनिटंही झाली नव्हती, काटा चढायला लागला. मी इंजिन बंद केलं. त्या दिवशी माझ्या हातून घडलेली ही एकमेव शहाणपणाची गोष्ट.

झालं काय होतं? गाडीत पाणी सतत फिरत असतं. इंजिनभोवतीच्या पोकळीतून तापून निघतं, रेडिएटरमध्ये निवतं, परत जातं. ते फिरवतो वॉटर पंप आणि पंपाला फिरवतो बेल्ट. इथे पंपाची पाती बर्फात रुतलेली. बेल्ट ओढतोय, पुली जागची हलत नाही, म्हणून ती किंकाळी. रेडिएटरमध्ये बर्फ, नळीत बर्फ. पेट्रोल मात्र आत जळतंय. इंजिनच्या वरच्या भागातलं थोडं पाणी वितळून उकळायला लागतं आणि त्याला जायला वाटच नाही. म्हणून बाहेर उणे अकरा आणि आत ताप! अशा वेळी गाडीत हिटर असेल तर तो गार वारा फेकतो, ही आणखी एक खूण. कारण गरम पाणी त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

बॉनेट उघडलं. रिझर्व्ह टाकीतलं पाणी काचेसारखं कडक. बोटानं टकटक केलं तर चक्क आवाज आला.

इंदूरहून आलेला एक ग्रुप शेजारीच उतरला होता. मदतीला तत्पर, एकदम मनमोकळी पोरं. त्यातला एक पाच मिनिटांत उकळत्या पाण्याची किटली घेऊन हजर. ‘दीदी, डाल देते हैं ऊपर से, अभी पिघल जाएगा।’ मला तर देवदूतच वाटला. मी बाजूला सरकलेसुद्धा. तेवढ्यात मामाला लावलेला फोन लागला.

‘थांब! किटली खाली ठेवायला सांग त्याला. आधी खाली ठेव म्हण, मग बोल.’

मी ‘रुको भैया’ म्हणाले.

‘हां. आता ऐक. गार मुशीला एकदम आच दिली तर काय होतं?’

‘मला काय माहीत मामा!’

‘तडकते. आम्ही मूस आधी भट्टीच्या कडेला ठेवतो, सावकाश गरम करतो, मग आत. लोखंड काय नि माती काय, धातूला पण घाई सोसत नाय. एक बाजू एकदम तापली नि दुसरी गारच राहिली की चीर पडते. इंजिनाला चीर पडली तर गाडी तिथंच विकून या. तिला घरात घे.’

‘गाडीला? घरात?’

‘मग काय तर! उन्हात ढकल, नाहीतर बंद खोलीत. नि वाट बघ.’

मागून आईचा आवाज आला, ‘जेवलात का?’

तर मंडळी, हे पाठ करून ठेवा. गोठलेल्या गाडीवर उकळतं पाणी नाही. रेडिएटरचं झाकण पिळायचं नाही, कारण आत कुठेतरी वाफ कोंडलेली असू शकते, ती तोंडावर येते. आणि ‘थोडा वेळ चालू ठेवली की आपोआप वितळेल’ हा फंडा तर अजिबातच नाही. त्यानं बेल्ट जातो, पंप जातो, हेडचं गॅस्केट जातं. काकांच्या वेळी ट्रकखाली शेकोटी करायचे म्हणे. पेट्रोलच्या गाडीखाली तसं काही करायचा विचारही मनात आणू नका.

होमस्टेच्या मालकिणीची पत्र्याची एक शेड होती, गवत साठवायची, दक्षिणेकडे तोंड असलेली. गाडी न्यूट्रलमध्ये टाकून इंदूरच्या पोरांनी आणि मी ती शेडपर्यंत ढकलली. दहाच्या पुढे तिथे ऊन आलं. इंजिनवर दोन जुनी ब्लँकेटं, आणि रबरी पिशव्यांत भरलेलं कोमट पाणी. उकळतं नाही, कोमट. दर अर्ध्या तासानं पिशव्या बदलायच्या. लहान बाळ आजारी पडल्यावर करतात ना, अगदी तसं.

नऊ टक्के

बाबा सकाळपासून बोलले नव्हते. मला वाटलं, खर्चाचं टेन्शन असेल. शेडच्या दारात उन्हाला खुर्ची टाकून बसले होते, चहा निवून गेलेला.

‘नऊ टक्के,’ ते एकदम म्हणाले.

‘काय?’

‘पाण्याचा बर्फ होताना आकारमान नऊ टक्के वाढतं. शंभर मिलिलिटरचा बर्फ एकशेनऊ. बाकीचे द्रव गार झाले की आकसतात. पाणी चार डिग्रीपर्यंत आकसतं आणि मग उलट प्रसरण पावायला लागतं. पाण्याचे असंगत आचरण.’ मग थोडं थांबून, ‘एकतीस वर्षं फळ्यावर होपचं उपकरण काढलं मी. १८०५ चा प्रयोग. थंड प्रदेशात नळ का फुटतात, कारणे द्या. दोन मार्क. आणि स्वतःच्या गाडीत पाणी भरून इथवर आलो.’

मी काय बोलणार? ‘अहो बाबा, मिस्त्रीनं सांगितलं म्हणून…’

‘त्याला कोणी शिकवलं? मीच ना!’

मग माझ्या लक्षात आलं, ते सकाळपासून कशाची वाट बघत होते. वितळायची नाही. वितळल्यावर काय दिसेल त्याची. कारण गोठलेली गाडी गळत नसते. बर्फच बूच बनून बसलेला असतो. रेडिएटर फाटलाय, नळी उसवलीय, की ब्लॉकलाच चीर गेलीय, हे बर्फाचं पाणी झाल्याशिवाय कळत नाही. अठरा वर्षांच्या गाडीच्या इंजिनला चीर म्हणजे सरळ भंगार. बाबांनी त्या गाडीतून मला बोर्डाच्या परीक्षेला सोडलंय. आजीला मिरजेच्या हॉस्पिटलमध्ये नेलंय, आणि परतही आणलंय, एकदा सोडून.

दोन वाजता पहिला थेंब पडला. टप. मग दुसरा. बाबा उठून गाडीखाली वाकले. मी टॉर्च धरला.

केलाँगहून मेकॅनिक येईपर्यंत चार वाजले. तीसेक किलोमीटरवरून आला, तोंडात च्युइंगगम, घाई कशाचीच नाही. त्यानं आरसा आणि टॉर्च घेऊन इंजिनच्या कडेला बघितलं आणि हसला. ब्लॉकला कडेनं वाटीच्या आकाराची पत्र्याची गोल झाकणं ठोकलेली असतात, कोअर प्लग म्हणतात. त्यातलं एक बर्फानं बाहेर ढकललं होतं आणि गळती तिथूनच होती. बर्‍याच लोकांना वाटतं की हे प्लग गोठण्यापासून इंजिन वाचवायलाच दिलेले असतात. तसं नाहीये. इंजिनचा ब्लॉक ओतताना आतली पोकळी वाळूच्या साच्यानं तयार करतात आणि ती वाळू बाहेर काढायला जी भोकं लागतात, ती नंतर या झाकणांनी बुजवतात. पण कधी कधी बर्फाला सुटायला हीच वाट सापडते आणि ब्लॉक वाचतो. दर वेळी वाचेलच याची गॅरंटी नाही. आमचा वाचला.

प्लग बदलला. बेल्ट बदलला. पंपाची पुली हातानं फिरवून, हलवून बघितली, ठीक होती. मग त्यानं ऑइलची डिपस्टिक काढली, फडक्यानं पुसली, परत बुडवली आणि बाबांसमोर धरली. ‘देखो अंकल।’ ऑइलमध्ये पाणी गेलं असेल तर ते ताकासारखं पांढुरकं, फेसाळ होतं. म्हणजे आतून गॅस्केट गेलं किंवा चीर पडली. बाबांनी चष्मा वर केला, काडी उन्हात धरली. ऑइल काळं होतं. काळंकुट्ट, जुनं, आणि तरी इतकं सुंदर ऑइल मी आयुष्यात पाहिलं नव्हतं!

बाबांनी निवलेला चहा एका घोटात संपवला.

अर्धं-अर्धंच का?

मेकॅनिकनं मग कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरलं. रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून थंड इंजिन सुरू केलं आणि आतले बुडबुडे थांबेपर्यंत थोडं थोडं ओतत राहिला. ही पायरी गाळली तर हवेचा फुगा अडकून गाडी पुन्हा तापते.

मी आपलं शहाणपण केलं. ‘भैया, इतनी ठंड है तो पूरा कूलंटही डाल दो ना!’ त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जशी मी चहाला पूर्ण पावडरच घाला म्हणतेय. गंमत अशी की नुसतं इथिलीन ग्लायकॉल साधारण उणे तेरालाच गोठतं. निम्मं पाणी घातलं की तेच मिश्रण उणे ३७ च्या आसपासपर्यंत टिकतं. पाणी गोठताना त्याचे रेणू ओळीत लागायला बघतात, ग्लायकॉल मधे घुसून ती ओळ मोडतं. ग्लायकॉलची ओळ पाणी मोडतं. एकानं दुसऱ्याला बसू द्यायचं नाही, असा मामला. एक भाग कूलंट, दोन भाग पाणी केलंत तर उणे अठराच्या आसपास. आणि निम्म्याचं मिश्रण उकळतंही शंभराच्या वर, साधारण १०७ ला, शिवाय झाकणाच्या दाबानं ते आणखी वर जातं. म्हणजे खंबाटकीलाही उपयोग आहेच की!

घेताना रंगावर भाळू नका. हिरवं, गुलाबी, निळं हे काही क्वालिटीचं माप नाही, आणि दोन प्रकार एकमेकांत मिसळू नयेत. डब्यावर वाचायचं, रेडी-टू-यूज आहे की पाणी मिसळायचंय. रेडी-टू-यूजमध्ये पुन्हा निम्मं पाणी ओतलंत तर झाली ना पंचाईत. आणि ते डबे पोरांपासून, कुत्र्या-मांजरांपासून लांब. ग्लायकॉल चवीला गोड असतं, आणि विषारी.

परतीचा प्रवास निवांत झाला. मंडीला मामानं गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर थाप मारली आणि मला म्हणाला, ‘मूस वाचली.’ आईनं नारळ फोडला.

फ्रीझरमधला प्रयोग

साताऱ्याला आल्यावर बाबा पहिल्यांदा कुठे गेले असतील? हवालदार काकांकडे. काय बोलणं झालं मला माहीत नाही. येताना दोघंही हसत होते, एवढं दिसलं.

मग दोन दिवसांनी आईची आरोळी ऐकू आली. घरच्या फ्रीझरमध्ये मटारच्या पिशव्या बाजूला सारून तीन प्लास्टिकच्या बाटल्या उभ्या. घट्ट झाकणाच्या, पाऊणच भरलेल्या, वर बाबांच्या अक्षरात लेबलं. ‘अ. साधे पाणी. ब. एकास दोन. क. निम्मे-निम्मे. विष. पिऊ नये.’ घरच्या फ्रीझरचं तापमान साधारण उणे अठरा. म्हणजे फुकटात सिस्सू! सकाळी अ दगड झालेली. ब चा बर्फाच्या गोळ्यासारखा गिच्च लगदा. क हलवली तर खळखळ वाजत होती. बाबा बराच वेळ ती वाजवत बसले. तुमच्या गाडीतलं कूलंट कितपत पाणचट झालंय हे बघायचं असेल तर हा प्रयोग घरी होण्यासारखा आहे. पण बाटल्या खाण्याच्या जिनसांपासून वेगळ्या ठेवा आणि आईला आधी सांगा.

पुढच्या रविवारी आम्ही सांगलीला निघालो. तिन्ही बाटल्या मिठाच्या बर्फात, आइस्क्रीमच्या थर्मोकोलच्या डब्यात. पेठ नाक्याला वडापाव खायला थांबलो तेव्हाही बाबा डबा घेऊनच उतरले.

मिस्त्रीनं आधी पूर्ण हकीगत ऐकली. ‘काय सांगतासा सर! खरंच बर्फ झालं व्हय?’ मग गाडी घेतली आणि कूलिंग सिस्टीम धुवायला काढली. सिस्सूला घातलेलं हिरवं कूलंट एव्हाना चहासारखं तांबूस झालं होतं. त्यामागून निघाला गाळ, गंज आणि पांढरी पापुद्र्यासारखी खपली. अठरा वर्षांचं बोअरचं पाणी! सांगलीकडच्या क्षारपड जमिनीबद्दल आपण वाचतो, ऊस पिकेना म्हणून शेतकरी रडतात. तेच क्षार आमच्या रेडिएटरच्या नळ्यांत जमून बसले होते. गोठण्याचं सोडा, साध्या पाण्यात गंज रोखणारं काहीच नसतं, आणि बोअरच्या पाण्यात तर वरून क्षारांची भर. म्हणून कूलंटमध्ये मिसळायचं तेही डिस्टिल्ड. मिस्त्री ती खपली बोटांत चुरगळून बराच वेळ बघत होता. ‘खंबाटकीला कशी काय तापली नाय ही?’ असं स्वतःशीच म्हणाला.

तेवढ्यात बाबांनी वर्कबेंचवरचे पाने, स्क्रू ड्रायव्हर बाजूला केले. डबा उघडला. अ, ब, क ओळीनं मांडल्या. गॅरेजमधली दोन पोरं हात पुसत जवळ आली. बाबांनी अ बाटली उचलून बेंचवर ठक्कन आपटली, क हलवून वाजवली आणि मग पाणी, चार डिग्री, नऊ टक्के, सगळं सविस्तर. वीस मिनिटं. मला कितीतरी वर्षांनी त्यांचा वर्गातला आवाज ऐकायला मिळाला.

मिस्त्रीनं मान खाली घालून ऐकलं. शेवटी डोकं खाजवत म्हणाला, ‘पर सर, ह्यो धडा आमच्या वेळंला परीक्षेला नव्हता.’

‘होता,’ बाबा म्हणाले. ‘तू त्या दिवशी गैरहजर होतास.’